बर्फ गुडघ्यावर, गार मात्र पाऊल

अन्याय माझ्या ताईवर झाला. गेल्या वर्षी, दहीहंडीच्या आदल्या रविवारी, दिवेलागणीला, घाटकोपरच्या आमच्या सरावाच्या मैदानात. महिला पथकात ती सगळ्यात खालच्या थरात उभी राहते, म्हणजे अख्खं पथक तिच्या खांद्यांवर. वरचे थर कोसळले आणि तिचा उजवा गुडघा भलतीकडेच वळला.

आमच्यात एक वाईट खोड आहे. कुणी पडलं की लगेच उभं करायचं, नाहीतर बाकीच्या घाबरतात. शिकवणारे दादा ओरडले, "धरा गं तिला! एक झटका, बसतोय बघा!"

मी "हात लावू नका!" म्हणेपर्यंत पाय ओढलासुद्धा. खाटकन गुडघा जागेवर. टाळ्या! ताई रडता रडता हसली, "हंडीला खाली मीच हां!" गुडघ्यावर बर्फ बांधला आणि रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "हाड जागेवर आहे. पट्टा बांधा, घरी न्या."

ताईचं पाऊल माझ्या हातात होतं. गारढोण!

"बर्फ लावलाय ना, गार असणारच," दादा म्हणाले. डॉक्टरांनी मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. रस्त्यावर ओरडून पत्रकं वाटताना कमावलेला आवाज सगळाच्या सगळा लावला. "बर्फ गुडघ्यावर आहे! बोटं का पांढरी पडली? डाव्या पावलाची नाडी लागते, उजव्याची शोधून दाखवा!"

सगळे वळून बघायला लागले. "हळू गं बाई," ताई पुटपुटली, "पण मला खरंच बोटं कळत नाहीयेत."

डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवली. सरकवली. परत ठेवली. आणि धावत सुटले.

गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटली होती. वरून पाय सरळ, झकास. खाली रक्तच नाही! लगेच ऑपरेशन झालं. नंतर मी ते पाऊल चाचपलं. उबदार! आणि बोटाखाली ठकठक! "लागली!" मी किंचाळलेच.

"आता तरी गप्प बस," ताई म्हणाली.

नाही बसणार. गुडघा निखळला तर ओढू नका. आहे तसाच आधार द्या, तडक हॉस्पिटलला न्या, आणि पावलाची नाडी बघितल्याशिवाय तिथून हलू नका. आपल्याला शोधता येत नाही म्हणता? चप्पल काढा. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवा. शोधा. आत्ता.