तपासणीच्या दिवशीचा उपास

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण शेजारच्या दामूनानांचं. भुसावळच्या रेल्वे लोकोशेडमध्ये ते खलाशी होते, इंजिनं धुणारे-पुसणारे. निवृत्त होऊन गेलेल्या एका गोऱ्या ड्रायव्हरच्या बंगल्यातून त्यांनी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली आणि माझ्या हातात दिली. "ले पोऱ्या, बठ्ठा शब्द यामा शेतस." सगळे शब्द यात आहेत म्हणणाऱ्या नानांना स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

त्या डिक्शनरीवर मी बी.ए. झालो. आमच्या महारवाड्यातला पहिला. धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो.

तिथे माझा कप वेगळा. दांडी तुटलेला. खिडकीत असायचा. शिपाई वरून चहा ओतायचा, कप मी विसळायचो. दोन वर्षं. कायम व्हायला दोनच महिने राहिले होते. आई माझ्याकडे होती, रात्रंदिवस खोकत होती. मी गप्प होतो.

तपासणीच्या दिवशी कप खिडकीत नव्हता. हेडमास्तर म्हणाले, "तपासणीचे साहेब चहाला बसतील. कप कपाटात ठेवलाय. तुमचा उपास आहे असं सांगू."

"कसला उपास, सर?"

"गुरुवार आहे ना. दत्ताचा."

ड्रॉइंगचे मास्तर हसले. "चला, तेवढंच पुण्य लागेल तुम्हाला."

तिसऱ्या तासाला साहेब माझ्या वर्गात मागे बसले. मी फळ्यावर 'पुट अप विथ' लिहिलं. अर्थ सांगितला, सहन करणे. पुढच्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, पुट म्हणजे ठेवणं. त्यात सहन करणं कुठून आलं?"

ते मी नानांच्या डिक्शनरीत पाहून ठेवलं होतं, तेच सांगितलं. पूर्वी पुट अप म्हणजे आवरून आत ठेवणं. तलवार म्यानात, वस्तू खिशात. कुणी अपमान केला आणि माणूस गप्प राहिला, तर त्याने तो अपमान आत ठेवला म्हणत. पुढे लोक ठेवणं विसरले, सहन करणं उरलं.

"म्हणजे तो जात नाही, सर. आतच राहतो."

मी फळा पुसला. 

मधल्या सुट्टीत चहाचा ट्रे आला. हेडमास्तर साहेबांना म्हणाले, "यांचा आज उपास असतो."

मी कपाट उघडलं. कप काढून ट्रेमध्ये सगळ्या कपांच्या मधोमध ठेवला.

"माझा उपास नाही, साहेब. हा माझा कप. एरवी खिडकीत असतो."

साहेबांनी कपाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "मला पुढच्या शाळेत पोचायचंय," म्हणाले आणि उठले. चहा तसाच निवला.

त्याच आठवड्यात मी पत्र टाकलं.

"ती. दामूनानांस जय भीम.

नोकरी गेल्यात जमा आहे. उद्धटपणाची माफी मागितली तर कायम करू, असं हेडमास्तर म्हणतात. कागद त्यांनीच टाइप करून दिलाय, माझी फक्त सही हवी. आईचं औषध चार दिवसांचं उरलंय. रविवारी तिला तुमच्याकडे आणून सोडतो, थोडे दिवस सांभाळा.

मी सही करणार नाही. त्याच कागदाच्या मागे शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिलाय. सोमवारी घेऊन जातो. कप माझ्या पिशवीत आहे. तो त्यांच्या टेबलावर ठेवीन. त्यांनी पाहिला नाही, तर त्यांच्या वरच्या साहेबाच्या टेबलावर ठेवीन. आता तो आत ठेवायचा नाही."