चालू कॉम्प्युटर रस्ता ओलांडतो

बस डेपोच्या हरवले-सापडले खात्यात बसणाऱ्या बाईंना सगळे सापडेताई म्हणत. ताईंचा एकच हट्ट. बसमध्ये विसरलेली वस्तू आली की तिचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर तिची एक विंडो उघडायची आणि धनी येईपर्यंत ती विंडो मिटायची नाही. छत्र्या, डबे, एका पायाचा बूट, पितळी कर्णा, झालंच तर एक कवळी. विंडोवर विंडो चढत गेली. पडद्याच्या खालच्या पट्टीत मुंगीला शिरायला जागा उरली नाही. पण ताई एका बोटाने अल्ट दाबून धरत, दुसऱ्याने टॅब बडवत आणि पत्ते पिसावेत तशा विंडो पळवून हवी तिथे बरोब्बर थांबत. निदान दुसऱ्या फेरीला तरी.

मग खातं रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचा हुकूम आला. कॉम्प्युटरचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, सगळं सेव्ह आहे. इथे बंद करू, तिकडे चालू करू."

"सेव्ह आहे ते मलाही कळतं. पण आपण मिटलं म्हणजे आपणच आशा सोडली. उद्या माणूस दारात आला तर कोणत्या तोंडाने सांगू, तुमची कवळी मी मिटली म्हणून?"

डेपोच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. ताईंनी हुकूम त्यांच्यापुढे धरला. त्यात 'कॉम्प्युटर हलवावा' होतं, 'बंद करावा' कुठेच नव्हतं. साहेब हुकमाबाहेर पाऊल टाकणाऱ्यातले नव्हते.

ताईंचे यजमान हातगाडी घेऊन आले. खाली बॅटरी, वर कॉम्प्युटर, पडदा चादरीने गाडीला आवळून बांधलेला, मागे वस्तूंची पेटी. बॅटरी म्हातारी, जरा चाललं की धाप लागून कुंई कुंई करायची. मग वाटेतल्या दुकानात वायर खुपसून तिला दम खाऊ द्यायचा. आधी चपलांचं दुकान झालं, मग औषधांचं. साहेब हातात वायर घेऊन पुढे ओरडत होते, "बाजूला व्हा, चालू आहे!"

"काय चालू आहे?"

"कॉम्प्युटर!"

लोक खरंच बाजूला होत.

गाडीला हिसका बसला की ताईंचं बोट टॅबवर पडे आणि पडद्यावर नवीच वस्तू येई. रस्त्याच्या मधोमध पडद्यावर कवळी आली आणि एक आजोबा आडवे आले.

"थांबा! माझे दाट!"

"कुठे हरवले, आजोबा?"

"हशताना. बशमध्ये."

नोंद जुळली. ताईंनी पेटीतून कवळी काढून दिली. आजोबांनी ती धुवायचीही वाट न बघता बसवली आणि सबंध रस्त्याला हसून दाखवलं. ताईंचा हात मात्र विंडोच्या फुलीपाशी घुटमळत राहिला.

"मिट गं," यजमान हळूच म्हणाले. "आता हक्काने मिट."

ताईंनी फुली दाबली. डोळे पुसले. तोवर "आमचीही पिशवी बघा हो" करत गर्दी लोटली, मागे ट्रक कर्कश हॉर्न वाजवू लागले आणि बॅटरीने शेवटचा टाहो फोडला.

"वहिनी, आत आणा!" न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला. तो यजमानांचा जुना दोस्त. गाडी सलूनमध्ये घुसली, वायर लागली, पडदा जिवंत राहिला. सगळे हुश्श करतात तोच पलीकडून शिपाई आला. नव्या इमारतीला अजून वीजच नव्हती. मीटर बसायचा होता.

तो अजून बसायचाच आहे. हरवले-सापडले खातं सलूनच्या कोपऱ्यात चालतं. विंडो आरशांत उलट्या दिसतात, पण ओळखणारा ओळखतो. मध्यंतरी एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून आपला रेनकोट घेऊन गेलं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आलंच नाही. न्हाव्याची त्याबद्दल एकच तक्रार: "वहिनी, माणसं तुमच्याकडे येतात आणि खुर्च्या माझ्या अडवतात."

साहेब कागदांवर सही करायला येतात आणि आलेच आहेत तर दाढी करून घेतात. ताई विचारतात, "साहेब, मीटरचं काही कळलं?"

साहेब फेसाआडून "हूं" म्हणतात. ते होय की नाही, हे ताई काही विचारत नाहीत. टॅब दाबून पुढच्या विंडोवर जातात.