अण्णांची बुडणारी दोरी

आमच्या घरात दोरी कधी तोडली जात नसे. भाजीच्या जुडीची असो की मिठाईच्या पुड्याची, गाठ नखाने सोडवायची आणि तुकडा आईच्या दोरीच्या गुंड्याला जोडायचा. मला या चिकटपणाचा भयंकर राग यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या माझ्या भावाने अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मासे धरायची छडी पाठवली. सोबत दोन जाड दोऱ्या, एक पिवळी तरंगणारी, एक काळपट बुडणारी, आणि गळाला लावायचे पिसांचे खोटे मासे. अण्णांनी दोन्ही दोऱ्या मळ्यातल्या हौदात टाकून पाहिल्या आणि काळपट उचलली.

"वर सगळी चिल्लीपिल्ली. मोठा खडस मासा तळाला बसतो," म्हणाले. पाणीही त्यांनीच निवडलं. दारणा नदीच्या खळाळाखालचा डोह, जिथे धावत आलेल्या पाण्याला दम लागतो.

मी माहेरपणाला आले होते, म्हणून शिदोरी घेऊन काठावर बसले. थोड्याच वेळात दोरी ताणली गेली. मासा कसला, पाण्याखालची बाभळीची फांदी होती. अण्णा मांडीभर पाण्यात उतरून वेढे सोडवू लागले आणि तेवढ्यात वर धरणाचा भोंगा वाजला. आवर्तन सुटलं होतं, आता नदीचं पाणी वाढणार.

"अण्णा, कमरेला विळा आहे ना? कापा ती."

"थांब गं. एकच येढा राहिलाय."

पाणी कमरेवर आलं तरी बोटं गाठीतच. बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं त्यांचं. मला रडूच फुटलं.

"आईला काय सांगू? दोरी सोडवत होते म्हणून?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोबी कापायचा तो विळा काढला आणि दोरी कापली. मी हात देऊन त्यांना वर ओढलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. डोह बघता बघता गढूळ झाला, फांदी दिसेनाशी झाली. आम्ही ओल्या कपड्यांनी दशम्या खाल्ल्या. इतकी गोड शिदोरी मी परत खाल्ली नाही.

घरी अण्णांनी चोरासारखी छडी कोपऱ्यात ठेवली. शेवटी मीच सगळं सांगितलं. आईने उरलेली दोरी हातात घेतली, कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"बरं झालं तोडली," ती म्हणाली, आणि तो तुकडा गुंड्याला न जोडता चुलीत टाकला.