पुरानी बस्तीची पहिली फेरी

लेकीकडे अमेरिकेतल्या एका लहान शहरात गेले होते, तेव्हा तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला शहर दाखवलं. जुनी गिरणी, कोर्टाची इमारत आणि बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एवढंच होतं. पण ती इतक्या अभिमानाने सांगत होती की मी ऐकतच राहिले. आपल्या रायपूरला याहून कितीतरी जास्त आहे, असं मनात आलं.

परतल्यावर मी ओळखीच्या सगळ्यांना मेसेज टाकला, "रविवारी सकाळी महामाया मंदिरापाशी या. पुरानी बस्ती पायी पाहू."

"कोण येईल पाहायले? सगळे इथलेच तर आहेत," नवरा म्हणाला.

रविवारी मंदिरासमोर उभं राहायला जागा नव्हती. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले दोन कामगारही त्यात होते. सुरुवातीला मी वहीत पाहून सांगत होते. मग मराठ्यांच्या काळापासून इथे राहत आलेल्या घराण्यांविषयी सांगताना वही मिटूनच ठेवली. एका आजींनी तर दार उघडून सगळ्यांना अंगणातली विहीर दाखवली.

फेरी संपली तरी कुणी हलेना.

"दीदी, अगले इतवार तात्यापारा मोहल्ला?" एका मुलीने विचारलं.

"हव," मी म्हणाले. तोवर नवरा सगळ्यांना तिथे कुठे जमायचं ते सांगू लागलाही होता.