हाजरी जमादार

गर्दी बिथरली की बाकीचे पोलीस लाठ्या सावरायचे, आमचे जमादार हाजरी घ्यायचे. दोन्ही हात मागे बांधून सरळ माणसांत शिरायचे आणि शाळामास्तरासारखी एकेकाला नावाने हाक मारायचे. मलकापूरकडच्या आमच्या ठाण्यात त्यांना सगळे हाजरी जमादारच म्हणत. तोंडावरसुद्धा.

एकदा बैलबाजारात दोन गावांची माणसं काठ्या घेऊन भिडली. जमादार मध्ये जाऊन उभे राहिले आणि काठी उगारलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "काऊन हो किसनबुवा, सूनबाई आली का माहेराहून?" किसनबुवा काठी तशीच वर धरून म्हणाले, "हाव जी, परवाच आली." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. बाजूचे हसले, आणि भांडणातली हवाच गेली.

एवढी नावं लक्षात कशी राहतात, असं मी नवा शिपाई असताना विचारलं होतं. युक्ती साधी होती. खिशात तंबाखू स्वतःची ठेवायची, चुना मात्र दर वेळी दुसऱ्याकडे मागायचा. चुना देता देता माणूस घरची हकिकत सांगतो. "जमावाले लाज नसते बे," ते म्हणाले, "मानसाले असते. नाव घेतलं का मानूस जमावातून बाहेर येते."

बंदुकीशी त्यांचं वाकडं नव्हतं. नळी आमच्यापेक्षा त्यांचीच चकचकीत असे. पण गर्दीसमोर बंदूक भरू द्यायचे नाहीत. "नळीत काडतूस असलं का डोक्यात दुसरं काही राह्यत नाई," म्हणायचे. ठाणेदारांना हे आवडत नसे. जमादार लोकांत फार मिसळतात, असं ते आमच्यादेखत बोलत.

टंचाईच्या साली एका व्यापाऱ्याची जवारीची पोती वखारीतून स्टेशनावर निघाली आणि लोकांनी रस्ता अडवला. ठाणेदारांनी आम्हाला बंदुका भरायला लावल्या. हुकमाशिवाय बार नाही आणि रांग कोणी सोडायची नाही, असं बजावलं. जमादारांनी रांग सोडली. आमच्याकडे पाठ करून ते लोकांत शिरले आणि त्यांची हाजरी सुरू झाली. पुढची माणसं खाली बसायलाही लागली. तेवढ्यात मागून दगड आला, माझ्या शेजाऱ्याच्या पायाशी पडला. त्याच वेळी जमादारांच्या डोक्यामागे एक हात वर झाला. माझं बोट चापावर वळलं.

पडलेला माणूस वखारीवरचा हमाल होता, उकंडा नावाचा. रस्ता रिकामा झाला. जमादार त्याचं डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसले होते आणि त्याला नावाने हाक मारत होते. उत्तर येणार नाही हे त्यांना कळत होतं, तरी मारत होते.

मला खांद्याला धरून ठाणेदारांनी बाजूला नेलं. म्हणाले, त्याने पोती उचलायचा लोखंडी आकडा जमादारांवर उगारला होता, नाही का? मी हो जी म्हणालो. ते एकदाच म्हणायचं होतं, पण पुढे जन्मभर तेच म्हणत राहिलो. आकडा त्याच्या कमरेला खोवलेला होता. हात रिकामा होता, पंजा उघडा होता, आणि तो उघडा आहे हे मला बार होण्याआधी दिसलं होतं.

चौकशीला नागपूरहून साहेब आले. माझी नोकरी आणि कदाचित फाशीही जमादारांच्या जबानीवर अवलंबून होती. साहेबांनी विचारलं, तुमची तर पाठ होती, तुम्हाला काय दिसणार? जमादार म्हणाले, "पाठ होती जी. पन आवाज माह्या कानाशीच होता. मांगच्या लोकायले तो म्हनून राह्यला होता, बसा बे, जमादार बोलून राह्यले." मी दाराशी उभा होतो. आता संपलं, असं वाटलं.

संपलं नाही. साहेबांनी त्यांचं ऐकलंच नाही. हुकूम मोडून गर्दीत शिरले आणि आता स्वतःवर आलेलं संकट नाकारतात, असा ठपका ठेवून त्यांना साधा शिपाई केलं. आणि मला बुलढाण्याच्या दरबारात चांदीचा बिल्ला मिळाला, वरिष्ठाचे प्राण वाचवण्याच्या शौर्याबद्दल. ज्यांचे प्राण वाचवले ते मांडवाच्या दाराशी पहाऱ्यावर होते. बाहीवर नवी पट्टी लावून मी बाहेर आलो, तर त्यांनी टाचा जुळवून मला सलाम ठोकला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

पुढे माझी बदली झाली. मी चढत गेलो, ते शिपाई म्हणूनच पेन्शनीत निघाले. मी त्यांना भेटलो नाही. मध्यंतरी ते गेल्याचं कळलं, तेव्हा तेरवीला गेलो. पडवीत पंगत बसली होती. जमादारीणबाईंनी मला सगळ्यांपुढे पाटावर बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "यायच्यामुळंच माहं कुंकू एवढी वर्सं टिकलं." साहेबापुढे एका शब्दानेही न ढळलेला माणूस घरी माझ्यासाठी खोटं बोलला होता.

मग माझ्याने राहवलं नाही. पंगत उठल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, उघड्या पंजासकट. त्या वाढपाचं पातेलं हातात धरून ऐकत होत्या.

"त्याच्या घरी सांगतलं काय?"

नाही म्हणालो.

"मंग मले काऊन सांगता? तिकडं जा."

मी तसाच निघालो. उकंडाचा भाऊ अंगणात बाज विणत होता. मी नाव सांगितलं, त्याचे हात थांबले नाहीत. तुझ्या भावाचा हात रिकामा होता, म्हणालो.

"मालूम हाये," तो म्हणाला. "जमादारानं तवाच येऊन सांगतलं. म्हने, तो पोरगा एक दिवस येईन, आपल्या तोंडानं सांगीन, त्याले मारू नका."

सुंभाची गाठ ओढून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"माय वाट पाहून राह्यली होती तुमची. ते मांगच्या साली गेली."