अडखळणाऱ्या नोकराचं काम

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक निवडायचं होतं, म्हणून मी दुपारभर शिक्षकखोलीत एकांकिका वाचत बसले होते. एकीत बोलताना अडखळणारा नोकर होता. त्याच्या वाक्यावाक्याला मी एकटीच हसत होते.

तेवढ्यात आठवीतली वैदेही वह्या ठेवायला आली. ती स्वतः बोलताना अडखळते, म्हणून वर्गात बहुधा गप्पच असते. माझं हसू पाहून ती पुस्तकात डोकावली, उभ्या उभ्या पानभर वाचून म्हणाली, "बाई, हे का... काम मला द्या. मला स... सराव लागणार नाही."

ती हसत होती. मला मात्र ते पुस्तक कुठे लपवू असं झालं. सभागृहात हशा पिकेल तेव्हा लोक कुणाला हसत असतील, हे तिला कळत नसेल का? की रोजच्या हसण्यापेक्षा टाळ्यांसोबतचं हसणं तिला बरं वाटत होतं?

"हे नाटक आपण करायचं नाही, वैदेही," मी म्हणाले. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

तिचा चेहरा उतरला. "मग दुसऱ्या कुठल्या ना... नाटकात माझं काम आहे, बाई?"

वाचून झालेल्या सगळ्या एकांकिका टेबलावर पडल्या होत्या. त्यातली एकही वाचताना मला वैदेही आठवली नव्हती.