साथीच्या दिवसांतला ओव्हन

यंत्रावरचा चाळीस अंशांचा आकडा आज पुन्हा वर सरकलेला दिसला. आमच्या औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत औषधाचा नमुना या छोट्या ओव्हनमधल्या नळीतून जातो आणि त्यातले घटक सुटे होतात. उष्णता वाढवली, की आमच्या सिरपमधला नको असलेला घटक मुख्य घटकाच्या सावलीत लपतो. मग तपासणीचा आलेख अगदी सोज्वळ दिसतो आणि माल पास होतो.

खोकल्याची साथ येते, बाजारात सिरपला मागणी वाढते, नेमका तेव्हाच हा आकडा का हलतो? प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, साळवीसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, हवाच गरम आहे." ऐन पौषात! माणसांच्या घाईची ऊब यंत्रालाही लागत असावी.

संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात साहेब दिसले, कडेवर खोकणारी नात होती. दुकानदाराने आमचंच सिरप पुढे केलं. साहेबांनी ते हळूच मागे सारलं.

"दुसऱ्या कंपनीचं आहे का?"